मेन रोडवर खडूची रेघ

बाजूला व्हा, मागून बंडी येतेय.

1905 साल आहे. तुम्ही बालाघाटात आहात, पण जुनी माणसं अजून या गावाला बुऱ्हाच म्हणतात. पायाखाली धूळ, कडेला भाताची पोती. अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी आता गोंदियाहून बालाघाटमार्गे थेट जबलपूर गाठते. जवळच्या भरवेलीच्या खाणीतून मॅंगनीज निघू लागलंय. गाडीची शिटी वाजली की अख्खा बाजार स्टेशनाकडे मान वळवतो. रस्ता किती रुंद हवा? बंडी वळली पाहिजे, बस.

चार पावलं टाका. 31 ऑक्टोबर 1956ची रात्र. एका दुकानदाराने फळ्या अर्ध्याच लावल्यात आणि तो रेडिओपाशी उभा आहे. उद्यापासून राजधानी नागपूर नाही, भोपाळ. नागपूर, भंडारा मुंबई राज्यात जाणार, बालाघाट मध्य प्रदेशात राहणार. त्याची सोयरीक मात्र गोंदियाकडची, आणि ती कुठल्याही रेषेने तुटत नाही. तो उरलेल्या फळ्या लावतो. रेष दूर कुठेतरी आखली गेली, त्याला कुणी विचारलं नाही.

आता आजचा मेन रोड, हनुमान चौक. पाय ठेवायला जागा शोधा. दुकानाच्या पायरीला टेकून मोटरसायकली, त्यांच्या पुढे हातठेला, त्याच्या पुढे ई-रिक्षा. मधून शाळेची पोरं वाट काढतात. नालीच्या फरशीवर टोपली घेऊन बसलेली बाई दर पाच मिनिटांनी म्हणते, "भाऊ, गाडी जरा सरकवा ना जी." अशा रस्त्यावर अतिक्रमण हटवायची गाडी येते, टोपल्या उठतात, संध्याकाळी परत बसतात. मला हा खेळ क्रूर वाटतो. ज्या बाईला या रस्त्याचा प्रत्येक तास पाठ आहे, तिलाच त्याच्या नकाशातून वगळायचं!

म्हणून थोडं लांब चला. पुणे, 11 डिसेंबर 2021, लक्ष्मी रोड. महापालिकेने पादचारी दिन म्हणून गरुड गणपती चौकापर्यंतचा एक टप्पा दिवसभर वाहनांसाठी बंद केलाय. कापडाच्या दुकानांसमोर, भर रस्त्यात तुम्ही उभे आहात आणि हॉर्न नाही. आजी मधोमध चालतायत, पोरं डांबरावर बसून खेळतायत. रस्ता कायमचा बदललेला नाही. एक दिवस करून पाहिलाय. हीच त्यातली शहाणी गोष्ट. व्यापाऱ्याची धास्ती खरी असते, गाडी दाराशी आली नाही तर गिऱ्हाईक येईल का? ती धास्ती भाषणाने जात नाही, गल्ल्यावर बसून एक दिवस मोजला की तिचं खरं-खोटं कळतं.

आणि फेरीवाल्यांना विचारणं हा काही उपकार नव्हे. 2014च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया, असं बंधन घातलंय. टोपलीवाल्या बाईची खुर्ची कायद्यात आधीच मांडलेली आहे.

आता शेवटची उडी. कॅलेंडरवर नसलेला एक रविवार, पुन्हा मेन रोड, पहाटेचे सहा. सिमेंटची गाडी आलेली नाही. आलेत ते चुन्याची पाटी, सुतळी, विटा आणि मोजपट्टी. सराफ, चहावाला, ई-रिक्षावाले, नगरपालिकेचा अभियंता, कॉलेजच्या मुली. इथपर्यंत चालायची जागा, इथे रिक्षा थांबा, इथे ठेले. विटा मांडायच्या, आठवडाभर वापरायच्या, चुकल्या तर हलवायच्या.

मोजपट्टीचं एक टोक तुमच्या हातात आहे. अभियंता खडूने चौकोन काढतो. टोपलीवाली बाई त्यात बसून बघते, वर बघते, उठते.

"इथं नाही जमत जी, भाऊ. बारा वाजता इथं ऊन येते, भाजी सुकते."

ती पायाने रेघ पुसते, खडू मागून घेते आणि दोन हात पलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत, नवा चौकोन काढते. अभियंता तुमच्याकडे बघतो. पट्टी ताणून धरा, माप घ्यायचंय.