राखेखालची द्राक्षबाग

पाँपेई पाहावयास जाणारा प्रवासी सामान्यतः सभाचौक, देवालये, स्नानगृहे आणि राखेत गाडल्या गेलेल्या अभागी जीवांच्या प्लास्टरच्या आकृती पाहून परततो, आणि सायंकाळी नेपल्सच्या एखाद्या भोजनगृहात व्हेसूव्हियसच्या उतारावर पिकलेल्या ‘लाक्रीमा क्रिस्ती’चा प्याला समोर घेतो, परंतु सकाळचे ते दर्शन आणि सायंकाळचा हा आस्वाद यांत काही नाते असेल, ही शंकाही त्याच्या मनास शिवत नाही. वस्तुतः या नगराच्या ऐश्वर्यात द्राक्षवेलींचा हिस्सा फार मोठा होता. आणि ज्या पर्वताच्या मातीने त्या वेली पोसल्या, त्यानेच इ. स. 79 मध्ये नगराचा ग्रास केला.

नगराबाहेर बोस्कोरेआले येथे ‘व्हिला रेजिना’ नावाचे एक लहानसे शेतघर उत्खननात निघाले आहे. तो कोणा बड्या जमीनदाराचा वाडा नव्हे. तरीही त्याच्या अंगणात, आपल्याकडे धान्याची पेवे असत तसे, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले 18 रांजण असून त्यांत सुमारे 10,000 लिटर मद्य मावत असे. साध्या शेतघराचा कारभार जर एवढा, तर सबंध मुलखाच्या उत्पन्नाची कल्पना सहज करता येईल. नगरातील एका मद्यगृहाच्या भिंतीवर तर दरपत्रकच कोरलेले आढळले: साध्या मद्यास एक ‘अस’ नाणे, चांगल्यास दोन, आणि ख्यातनाम फालेर्नियन हवे असल्यास चार. खुद्द पाँपेईच्या मद्याविषयी रोमन ग्रंथकार थोरल्या प्लिनीचे मत फारसे अनुकूल नव्हते; ते प्याल्यास दुसऱ्या दिवशी मध्यान्हापर्यंत मस्तकशूळ राहतो, असे त्याने नमूद केले आहे. हाच प्लिनी व्हेसूव्हियसच्या त्या उद्रेकात जवळच्या स्ताबिए येथे मृत्यू पावला.

माझ्या दृष्टीने या अवशेषांतील सर्वांत विलक्षण स्थळ मात्र अँफिथिएटरजवळचा, एके काळी गुरांचा बाजार समजला गेलेला मोकळा भूखंड हे होय. 1966 पासून विल्हेल्मिना जाशेम्स्की या अमेरिकन विदुषीने तेथे धीराने उत्खनन केले. मुळे कुजून गेल्यावर राखेच्या थराखाली ज्या पोकळ्या उरल्या होत्या, त्या मोकळ्या करून तिने त्यांत सिमेंट ओतविले. ते घट्ट झाल्यावर भोवतालची माती दूर करताच मुळांचे आकार जसेच्या तसे प्रकट झाले, आणि तो बाजार नसून दोन हजारांहून अधिक वेलींची शिस्तबद्ध बाग होती, हे निर्विवाद सिद्ध झाले. बागेतच द्राक्षे पिळण्याची खोली, रांजण आणि उघड्यावर पहुडून भोजन करण्याचे चौथरे होते. मृत माणसांच्या आकृतींपुढे गर्दी करणाऱ्यांनी या वेलींच्या मुळांपुढेही क्षणभर थांबावे, असे मला मनापासून वाटते, कारण नगराच्या मृत्यूपेक्षा त्याचे जीवन तेथे अधिक दिसते. पुढे जुन्याच जागी पुन्हा वेली लावल्या गेल्या आणि 2001 च्या पिकापासून ‘व्हिला देई मिस्तेरी’ नावाचे मद्य निघाले. त्याचा घोट मिळालाच तर तो अवशेष पाहिल्यानंतर घ्यावा, आधी नव्हे. मुळांची ती रचना पाहिलेल्या माणसासच त्या पेयात काय उतरले आहे ते कळेल.

त्या काळी मद्याचा व्यापार इटलीच्या किनाऱ्यापुरता राहिला नाही; तो आपल्या देशापर्यंत पोचला होता. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक व्यापारी ग्रंथ भडोचच्या आयात जिनसांत मद्याचा उल्लेख प्रथम करतो आणि त्यातही इटलीच्या मद्यास विशेष मागणी असल्याचे सांगतो. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या पेठांतून माल गाड्यांवर लादून भडोचला येत असल्याची नोंद आहे. परतीच्या मार्गाने काय गेले, याचे एक प्रमाण खुद्द पाँपेईत आहे: 1938 मध्ये तेथील एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिच्याशी निकट साम्य असणाऱ्या मूर्ती तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. ती मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मराठी प्रवाशाने द्राक्षबागेनंतर तिच्या दर्शनास अवश्य जावे, आणि स्वदेशी परतल्यावर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या रोमन काशाच्या वस्तूही पाहाव्यात, कारण त्यांत समुद्रदेवता पोसायडनच्या मूर्तीबरोबर मद्य ओतण्याचा एक चंबूही आहे.