कांडीचं रीळ

इचलकरंजीत किंवा मालेगावात धोट्याचा माग जवळून पाहिलेल्या माणसाला कांडी वेगळी सांगावी लागत नाही. धोटा मागाच्या या अंगाकडून त्या अंगाला धावतो, पण त्याच्या पोटातली कांडी स्वतःभोवती फिरत नाही. ती बसल्या जागी राहते आणि सूत तिच्या टोकावरून वेटोळ्या-वेटोळ्यानं सुटत जातं. छोट्या होडीतून खाऱ्या पाण्यात गळ टाकणाऱ्याच्या हातात आज जे बेताच्या किमतीचं स्पिनिंग रीळ असतं, ते या कांडीच्याच कुळातलं.

कोकणात गरवायला जाणारे पुष्कळजण अजूनही बाटलीला गुंडाळलेला तंगूस हातानं सोडतात आणि त्यावर उत्तम मासे काढतात. त्यातला एखादा रॉड घ्यायचा म्हणतो आणि विचारतो, कमी पैशात काय घेऊ? तेव्हा मी ही कुळकथा सांगायला बसतो. पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, याचं उत्तर तिच्यातच आहे.

रीळ हा शब्दच सुताच्या घरचा. जुन्या इंग्रजीत तो कातलेलं सूत गुंडाळायच्या साधनाला होता. आपण शिंप्याच्या दोऱ्याला रीळ म्हणतो तेव्हा शब्द त्याच्या मूळ घरी असतो. मासेमारीत तो नंतर गेला. वस्तू मात्र शब्द मासेमारीत येण्याच्या कितीतरी आधीची. चीनमधल्या मा युआन या चित्रकाराचं ११९५ सालचं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्र आहे. थंडीतलं रिकामं पाणी, एवढीशी होडी, तिच्यात अंग आखडून बसलेला एक कोळी, आणि त्याच्या काठीला लावलेलं चाक. छोटी होडी, काठी आणि रीळ या तिघांची गाठ इतकी जुनी आहे. इंग्लंडमधल्या छापील पुस्तकात असं चाक १६५१ मध्ये, थॉमस बार्करच्या लिखाणात येतं.

या सगळ्या जुन्या रिळांची एकच अडचण होती. गळ फेकला की दोरीबरोबर चाकही फिरायचं. वजन पाण्यात पडून थांबलं तरी चाकाचा वेग ओसरत नसे, आणि क्षणात दोरीचं घरटं होऊन बसे. अंगठ्यानं चाक आवरायची कला अंगी यायला महिने लागत, आणि हलकं आमिष तर ते जड चाक फिरवूच शकत नसे. स्कॉटलंडमध्ये पर्थच्या पीटर मॅलॉकनं १८८४ मध्ये अर्धी वाट काढली. त्याचं रीळ फेकताना आडवं वळवायचं, म्हणजे दोरी कडेवरून निसटते. मग पुन्हा सरळ करून गुंडाळायचं.

उरलेली अर्धी वाट ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थनं काढली. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं गाव आणि इलिंगवर्थ स्वतः कापडधंद्यातला. गिरणीत सूत स्थिर बॉबिनच्या टोकावरून किती सहज सुटतं हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. १९०५ मध्ये त्यानं पेटंट घेतलं त्या रिळात दोरीची कांडी जागच्या जागी राहते आणि तिच्याभोवती फिरणारा हात दोरी गुंडाळतो. फेकताना काहीच गरगरत नाही, म्हणून काही आवरावंही लागत नाही. दोरी उचलून घेणारी तारेची कमान पुढे हार्डी कंपनीच्या अल्टेक्स रिळावर १९३२ मध्ये पूर्ण स्वरूपात आली. नवशिक्याला पहिल्याच दिवशी गळ वीस-पंचवीस मीटर टाकता येतो, ते या गिरणीवाल्यामुळे. तो मला फार मोठा माणूस वाटतो.

तरी हे रीळ स्वस्त व्हायला दोन गोष्टी लागल्या. एक नायलॉन. रेशमाची दोरी वाळवली नाही तर कुजायची. कॅरोथर्सनं १९३५ मध्ये ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉन बनवलं आणि काही वर्षांतच त्याचा एकपदरी तंगूस झाला. दुसरी गोष्ट म्हणजे बारीक दात्यांची चाकं हजारोंनी कापणारे कारखाने. फ्रान्समधलं क्लूझ हे घड्याळांच्या कामाचं गाव. मिचेल रिळं तिथली. स्वीडनची आबू कंपनी १९२१ मध्ये घड्याळांसाठी निघाली आणि टॅक्सीचे मीटर बनवून रिळांकडे वळली. जपानच्या साकाईतली शिमानो सायकलच्या फ्रीव्हीलवर उभी राहिली.

खाऱ्या पाण्याला मात्र यातलं काहीच पुरेसं नव्हतं. मोठा मासा धावला की जुन्या रिळाची मूठ उलटी फिरायची आणि बोटांची हाडं मोडायची. माणसं कातड्याचा तुकडा अंगठ्यानं दाबून ब्रेक लावत. कॅलिफोर्नियात कॅटालिना बेटाजवळ १९१३ मध्ये विल्यम बॉशनच्या गळाला ३५५ पौंडांचा तलवार मासा लागला, तेव्हा त्याच्या रिळात घर्षणाच्या चकत्यांचा ड्रॅग होता. मूठ स्थिर आणि दोरी ताणाखाली सुटत राहते, ही खाऱ्या पाण्यातली खरी सोय. हाच ड्रॅग आता दीड-दोन हजारांच्या रिळातही असतो.

आणि तिथेच पैसे घालायचे. माझ्या पहिल्या रिळाच्या खोक्यावर बेअरिंगचा आकडा केवढा तरी मोठा छापला होता, मी त्याला भुललो. तिसऱ्या फेरीला एक मासा खडकाकडे धावला, रीळ हललंच नाही आणि दोरी तुटली. घरी वर्तमानपत्रावर ते उघडलं तर ड्रॅगची फेल्टची चकती मिठानं वाळल्या पोळीसारखी कडक झाली होती. कंपनी काय कुणाचीही असो, तेव्हापासून मी आधी ड्रॅग पुढे आहे का आणि चकत्या कार्बनच्या आहेत का हे पाहतो. दुकानातच दोरी हातानं ओढून बघावी. ती अडखळत सुटली तर रीळ खाली ठेवावं. बेअरिंगं चार असली तरी भागतं. अंग ग्रॅफाइटचं असलं तर ते थोडं लवतं, पण मिठानं सडत नाही.

काठीची गोष्ट आपल्याकडून जाते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर कलकत्त्याहून येणारा बांबू चिरून काठ्या जोडत. मग चीनचा टोंकिन बांबू आला. १९५० च्या अखेरीस अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि तोवर आलेल्या काचतंतूच्या काठीला मोकळं रान मिळालं. कार्बनची काठी हलकी, पण होडीच्या काठावर आपटली की टिचते. म्हणून होडीसाठी मी साडेसहा-सात फुटांची काचतंतूची किंवा मिश्र काठीच सांगतो. इथे पैसे वाचवावेत. फक्त कड्यांच्या आत बोट फिरवून चीर नाही ना ते बघावं. त्यावर ४००० आकाराचं रीळ आणि वीस पौंडी दोरी. ड्रॅग ताणकाट्यावर अडीच-तीन किलोला सुटेल असा बसवला की तांबोशीशी झुंजता येतं.

घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही. पुसून झालं की ड्रॅग पूर्ण सैल करावा आणि कमानीच्या चाकावर तेलाचा एक थेंब टाकावा. दोरी तिथूनच तर कांडीवर चढते.