जलोदर की द्रवार्बुद? उदरनिदानाचा इतिहास आणि खालापूरची वाट

पोट वाढणे हे लक्षण एकच. कारणे मात्र अनेक. उदरपोकळीत मोकळे पाणी साठले तर तो जलोदर आणि स्वतंत्र भित्ती असलेल्या पिशवीत द्रव साठला तर ते द्रवार्बुद. बाह्यरूप सारखे असले तरी उपचार भिन्न असतात. म्हणून विरळ उदरद्रवार्बुदांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा बव्हंशी हा भेद ओळखण्याचाच इतिहास होय.

सुश्रुतसंहितेने उदररोगाचे आठ प्रकार मानले. जलोदरात नाभीच्या खाली डाव्या बाजूस, रोमराजीपासून चार अंगुळे सोडून, व्रीहिमुख शस्त्राने वेध घ्यावा. मात्र सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये, असा तिचा दंडक आहे. तथापि द्रवार्बुदात केवळ वेध पुरत नाही. भित्ती जागीच राहते व पिशवी पुन्हा भरते. फीतकृमिजन्य द्रवार्बुदात तर द्रव उदरात सांडून प्राणघातक प्रतिक्रिया उद्भवू शकते.

अमेरिकेत १८०९ मध्ये एफ्राइम मॅक्डॉवेल याने भूल न देता एका स्त्रीच्या अंडाशयाची सुमारे साडेबावीस पौंडांची गाठ काढली. ती स्त्री पुढे तीस वर्षांहून अधिक काळ जगली. तथापि १८४६ नंतर ईथर व क्लोरोफॉर्म यांचा आणि १८६७ पासून लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीचा आधार मिळाल्यावरच उदरच्छेदन सर्वमान्य होऊ लागले. आंत्रबंधातील द्रवार्बुद यशस्वीपणे काढण्याचे श्रेय तियो याला १८८० मध्ये लाभले. अशी गाठ आडवी सरकते, उभी सहसा सरकत नाही, हे त्याच्या नावे ओळखले जाणारे लक्षण आजही शिकविले जाते.

ही विद्या खालापूरच्या रुग्णापर्यंत पोहोचण्यास मात्र मार्ग लागत होता. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय यांची स्थापना झाली. त्या काळी बोरघाटाच्या पायथ्याच्या प्रदेशातून मुंबईस जाणे म्हणजे चौकमार्गे पनवेल गाठून पुढे नावेने खाडी ओलांडणे होय. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि ते अंतर काही तासांचे झाले. तरीही एक अडसर उरला. अंडाशयाची द्रवार्बुदे हा स्त्रियांचा विकार. आणि पुरुष वैद्याकडून पोट तपासून घेण्यास अनेक कुटुंबे राजी नसत. १८८६ मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. केवळ शल्यकौशल्य पुरेसे नव्हते. रुग्णाचा विश्वासही तितकाच आवश्यक होता.

निदानाचा जुना पेच १९५८ मध्ये बराचसा सुटला. ग्लासगो येथे इयन डोनाल्ड याने ध्वन्यातीत लहरींनी उदरातील गाठींचे परीक्षण प्रसिद्ध केले. असाध्य कर्करोग व जलोदर समजल्या गेलेल्या एका स्त्रीस वस्तुतः मोठे अंडाशय-द्रवार्बुद असल्याचे त्यात दिसून आले आणि ते काढल्यावर ती बरी झाली.

यंत्र आले तरी पृच्छा संपत नाही. हिवाळ्यात घाटावरून कोकणात उतरणारे धनगरांचे कळप व त्यांच्यासोबतचे कुत्रे हे दृश्य नित्याचे आहे. फीतकृमीचे जीवनचक्र कुत्रा व मेंढी यांच्याद्वारेच पूर्ण होते. म्हणून यकृतात पिशवी दिसताच सुई टोचण्यापूर्वी रुग्णाचा व्यवसाय व सहवास विचारणे इष्ट ठरते. वेधापूर्वी विवेक हे तत्त्व आजही अबाधित आहे.