गणपतराव देशमुख : सांगोल्याचे 11 वेळचे आमदार

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून गणपतराव देशमुख 11 वेळा विधानसभेवर गेले. तालुक्यात सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे. पहिल्यांदा निवडून आले 1962 ला, शेवटचं 2014 ला. पक्ष कायम एकच, शेतकरी कामगार पक्ष. मध्ये 1972 आणि 1995 ला पडले. 1995 ला तर फक्त 192 मतांनी.

मंत्रिपद दोनदाच मिळालं, 1978 आणि 1999 ला, तेही थोड्या काळासाठी. बाकी बहुतेक वर्षं विरोधी बाकावर. विरोधातल्या आमदाराच्या तालुक्याला पाणी कोण देणार? सांगोला म्हणजे माण नदीकाठचा दुष्काळी मुलूख. नदी असून वर्षातले बहुतेक महिने कोरडी. आबासाहेबांनी पाण्याचा प्रश्न एकट्या सांगोल्याचा ठेवला नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्यासोबत ते आटपाडीच्या पाणी परिषदांत उभे राहिले. तिथं सातारा, सांगली, सोलापूरचे 13 दुष्काळी तालुके एकत्र आले. मागणी होती कृष्णेच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची, म्हणजे वरच्याला आणि खालच्यालाही सारखा हक्क. टेंभू योजनेमागं या लोकांचा रेटा मोठा. कराडजवळ उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून इकडं आणायचं, काम सोपं नव्हतं.

तालुक्यात कापूस नावालाच, तरी सहकारी सूतगिरणी उभी केली. हाताला काम मिळालं. आमदार असूनही एसटीनं मुंबईला जायचे, हे तर राज्यभर माहीत आहे.

2019 ला वयामुळं त्यांनी उमेदवारी घेतली नाही. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात निधन झालं.