वजन : घाई नको, सातत्य हवे

वजन वाढवायचे असो वा घटवायचे, शरीराला आकस्मिक बदल मानवत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया गोंड समाजासाठी रुग्णसेवा उभी केली. या अरण्यप्रदेशात कृशता ही हौस नसून अनेकदा कुपोषणाची खूण असते. मात्र तीव्र कुपोषित बालकाला एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम घसरून हृदयावर संकट ओढवू शकते. म्हणून उपचारात प्रथम थोडाथोडा, वारंवार आहार दिला जातो. वजनवाढीचा टप्पा त्यानंतर येतो.

शहरातील झटपट डाएटलाही हीच सावधगिरी लागू पडते. पहिल्या आठवड्यातील घटीत पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो घट सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाते. रोजच्या आहारातील सुमारे ५०० कॅलरी कमी करून व नियमित चालून ती साधता येते. दिवसाला ८०० कॅलरींहून कमी आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये.