छापखान्यापासून सर्व्हरपर्यंत

यंत्रांचा इतिहास लिहिताना यंत्र कोणी शोधले हे आवर्जून सांगितले जाते. त्या यंत्राला हात कोणाला लावू दिला आणि कोणाला दिला नाही, हे मात्र बहुधा सांगितले जात नाही. आपल्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. नागपूर-भंडारा भागातील महार समाज पिढ्यान्पिढ्या जाडेभरडे कापड विणत असे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकला नाही आणि काल आपल्या मागाचा धनी असलेला माणूस गिरणीच्या दारात मजूर म्हणून उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांत तर विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेशच नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा स्पृश्याने कसा घ्यायचा, हे त्याचे कारण. अधिक मजुरी नेमकी याच खात्यात होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा मजुरांच्या एकजुटीच्या घोषणेमागे काय दडले होते ते उघड झाले.

हे जुने प्रकरण आज उकरून काढण्याचे कारण संगणक हे आहे. संगणकाच्या जगात गेली चाळीस वर्षे एक हौशी मंडळींची चळवळ चालू आहे. हे लोक कंपन्यांचे कुलूपबंद सॉफ्टवेअर नाकारतात, सर्वांसाठी खुले असलेले सॉफ्टवेअर वापरतात, ते उघडून दुरुस्त करतात. त्यांच्यातील काही जण तर आपली पत्रे, छायाचित्रे, पुस्तके परक्या कंपनीच्या यंत्रावर न ठेवता घरातल्याच एखाद्या लहानशा संगणकावर ठेवतात. वरवर पाहता हा सुखवस्तू माणसाचा छंद वाटेल. परंतु आपल्या चळवळीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसल्याशिवाय राहणार नाही. ती म्हणजे स्वतःच्या छापखान्याची गोष्ट.

विदर्भात किसन फागोजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना उभारून १९१० साली ‘निराश्रित हिंद नागरिक’ काढले. पुढे १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ आणि १९३१ मध्ये ‘चोखामेळा’. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. ‘केसरी’ने मात्र त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्याचे नाकारले. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला काही मजकूर पचला नाही. त्यांनी तो गाळण्याची मागणी केली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. प्रती काढल्या दीड हजार. या सर्व घटनांतून एकच धडा निघतो. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द उभा असेल, तर तो शब्द दुसऱ्याच्या मर्जीवर उभा असतो.

संगणकाच्या जगात हाच धडा अगदी वेगळ्या वाटेने शिकला गेला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास एक नवा प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडी सुधारणा करायची होती. पण त्याची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा स्वरूपातील आज्ञावली, त्यांना देण्यात आली नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, उघडून अभ्यासावे व बदलावे, त्याची प्रत दुसऱ्याला द्यावी, आणि सुधारलेली प्रतही वाटावी, ही त्यामागची चार स्वातंत्र्ये. १९८९ मध्ये त्यांनी यासाठी एक परवाना तयार केला. त्याची अट अशी की, जो हे सॉफ्टवेअर घेऊन पुढे वाटेल, त्याने आपल्या सुधारणांसह मूळ संहिताही खुली ठेवली पाहिजे. घेताना मोकळे आणि देताना कुलूप, ही लबाडी येथे चालत नाही. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी ते याच परवान्याखाली आणले.

आपल्याकडे हे वारे मोठ्या शहरांतून आले. बेळगावात वाढलेले अतुल चिटणीस यांनी १९८९ पासून बंगलोरात टेलिफोनच्या तारेवरून चालणारे एक संदेशफलक-केंद्र चालवले. इंटरनेट घरोघरी येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. १९९६ च्या सुमारास ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी मिळू लागल्या. ज्याच्या घरी संगणक होता, इंग्रजी होते आणि रात्री जागण्याइतकी फुरसत होती, त्याने ती सीडी घालून पाहिली. ज्याच्या घरी दिवाच लागत नव्हता, त्याच्यासाठी त्या सीडीचा उपयोग काय?

मराठीचा प्रश्न आणखी वेगळा होता. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले; युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच आधारावर झाली. परंतु प्रत्यक्षात छपाईच्या धंद्यात वर्षानुवर्षे वेगळेच चालले. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट वापरले गेले, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची रीत निराळी. परिणाम असा की, अशा फाँटमध्ये जुळवलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की केवळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आपल्या किती नियतकालिकांचे, स्मरणिकांचे, कवितासंग्रहांचे जुळवलेले मजकूर या कुलपात अडकले असतील, याचा विचार शिक्षकांनी आणि संपादकांनी अवश्य करावा. शब्द आपले, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

या बाबतीत खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी केलेले काम मान्य केलेच पाहिजे. सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा ‘रघू’ हा देवनागरी फाँट सर्वांसाठी मोकळा झाला. रेड हॅटच्या ‘लोहित’ फाँटमध्ये मराठीचीही सोय झाली. लिनक्सवरील सूचना मराठीत आणण्याचे काम अनेकांनी केले. ‘ऱ्य’मधला आपला खास रफार नीट उमटतो, यामागेही कोणाची तरी चिकाटी आहे.

या चळवळीतील लोक अनेकदा म्हणतात की येथे जात कोणी विचारत नाही, येथे फक्त काम पाहिले जाते. या म्हणण्यातील प्रामाणिकपणाबद्दल शंका न घेताही त्याची तपासणी केली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तरीही २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे चालत जाऊन पाणी पिईपर्यंत ते खुले नव्हते, आणि प्यायल्यानंतर डोकी फुटली. न्यायालयातील वाद मिटायला १९३७ साल उजाडले. खुला परवाना हाही एक ठराव आहे. तो नसण्यापेक्षा असणे फार चांगले. पण तळ्यापर्यंत जायची वाट, ओंजळ भरायचा वेळ आणि पाणी पिण्याचा आत्मविश्वास परवान्यात लिहून मिळत नाही. हातांनी करायच्या कामाला हीन ठरवणाऱ्या समाजात यंत्र उघडून बघणारा विद्वान ठरतो की मेकॅनिक, हेही पुष्कळदा त्याच्या आडनावावरूनच ठरते.

मग हा छंद आपण सोडून द्यावा काय? माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. कारण सोडून दिल्याची किंमत आपण मोजलेली आहे. या शतकाच्या आरंभी आपल्या अनेक तरुणांनी याहू ग्रूप्सवर आणि ऑर्कुटवर पहिल्या चर्चा केल्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. १५ डिसेंबर २०२० रोजी याहू ग्रूप्स. ज्यांनी प्रती काढून ठेवल्या नाहीत, त्यांचे बोलणे गेले. तेथे कोणी शत्रुत्व केले नाही. धंदा परवडेना म्हणून दुकान बंद केले इतकेच. परंतु एका समाजाचे दप्तर दुसऱ्याच्या दुकानात असावे काय?

दुसऱ्या बाजूने असेही आहे की, केवळ स्वतःचे यंत्र असणे पुरेसे नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडण्यात आले. बुद्धभूषण छापखान्याची वास्तू त्यातच गेली. बाबासाहेबांच्या छापखान्याची ही गत होऊ शकते, तर घरातल्या एका पेटीची काय कथा? म्हणून एकाच ठिकाणी साठवणे ही मालकी नव्हे. अनेक घरांत, अनेक गावांत प्रती असणे हीच खरी मालकी.

कोंढा हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील गाव. याच भंडाऱ्यातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले आणि पराभूत झाले. अशा गावात काय होऊ शकते, हे आता स्वप्नरंजन राहिलेले नाही. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक पस्तीस डॉलरला विक्रीस आला. तोही नको असेल तर शहरात टाकून दिलेला जुना लॅपटॉप पुरतो. त्याची बॅटरी थोडी जरी शिल्लक असली तरी वीज गेल्यावर तो काही वेळ तग धरतो. त्यावर डेबियन हे लिनक्स फुकट बसते. एक साधा वायफाय राऊटर जोडला की इंटरनेट नसतानाही खोलीतल्या सर्व मोबाईलवर त्यातील पुस्तके वाचता येतात. ‘किविक्स’च्या साहाय्याने विकिपीडियाही तेथेच ठेवता येतो. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड काढले. तसे ग्रंथ एका विहारातील पेटीत राहू शकतात.

अडचणी लपवू नयेत. बहुतेक मोबाईल कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून बाहेरच्या जगासाठी एकच पत्ता देतात, त्यामुळे घरातल्या सर्व्हरपर्यंत बाहेरून थेट पोचता येत नाही. म्हणजे वाचायची परवानगी आहे, प्रकाशित करायची वाट अडवलेली आहे. त्यावर उपाय आहेत, पण ते शिकावे लागतात. साठवणीची कार्डे खराब होतात, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी लागते. आणि मुख्य म्हणजे एकट्या हौशी मुलाच्या खांद्यावर हे टिकत नाही. तो नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेला की पेटी बंद पडते. म्हणून निदान तिघांना ते उघडता, जोडता आणि दुरुस्त करता आले पाहिजे. त्यात मुली असल्याच पाहिजेत.

पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले, तेव्हा प्राचीन स्तूपाच्या दगडी कठड्यांवर दात्यांची नावे कोरलेली सापडली. स्तूप कोणा एकाच्या दौलतीचा नव्हता. एकेकाने आपल्या ऐपतीप्रमाणे शिळा दिली, तिच्यावर नाव घातले आणि ती सर्वांची झाली. खुल्या सॉफ्टवेअरची रीतही हीच आहे. तेव्हा ही कल्पना परक्या देशातून आली म्हणून बुजण्याचे कारण नाही. आपल्या भागातील कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी यंदा एवढे करावे: घरातल्या जुन्या स्मरणिका, पत्रके, हस्तलिखिते शोधावीत, युनिकोडमध्ये उतरवावीत आणि तीन गावांत तीन प्रती ठेवाव्यात. किसन फागोजींनी १९१० साली छापखाना उभारला तेव्हा त्यांनाही खिळे जुळवायला शिकावेच लागले असेल.