दहावा माणूस

पानिपतवरच्या एका मराठी लेखाचा इंग्रजी अनुवाद करताना मी लिहिलं होतं, मराठी फौज ‘डेसिमेट’ झाली. इंग्रजीत वाक्य बिनचूक होतं. पण पुढे पानिपतला जाऊन काला आंबच्या स्मारकापाशी उभी राहिले, तेव्हा तो शब्द टोचू लागला.

त्याच्या मुळाशी लॅटिन ‘देकिमुस’ आहे. अर्थ दहावा, आपल्या ‘दशम’चा भाऊबंदच. रोमन सैन्यातली एखादी तुकडी भ्याडपणे पळाली किंवा बंड करून उठली, तर चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक निवडत आणि त्याच्याच सोबत्यांकडून त्याला ठार करवत. स्पार्टाकसच्या उठावाच्या वेळी क्रासुसने मागे पडलेली ही शिक्षा पुन्हा सुरू केली. इंग्रजीत या शब्दाला कराचाही अर्थ होता. 1655 साली क्रॉमवेलने राजपक्षाच्या लोकांवर दहा टक्के कर बसवला, तो ‘डेसिमेशन’. मराठी वाचकाला इथे सरदेशमुखी आठवेल. तीही दहा टक्केच. पुढे दहाचा हिशेब गळाला आणि ‘प्रचंड संहार’ एवढाच अर्थ उरला. काटेकोर वाचक अजून कुरकुरतात, पण कोशांनी तो अर्थ केव्हाच मान्य केला आहे.

तेव्हा शब्द चूक नव्हता. माझी अडचण वेगळीच होती. 14 जानेवारी 1761च्या लढाईनंतर नानासाहेब पेशव्यांना मिळालेला सांकेतिक सावकारी निरोप प्रसिद्ध आहे. गळालेली मोत्यं दोन. हरवलेल्या मोहराही मोजलेल्या. खुर्द्याची मात्र गणती नाही. मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. खुर्द्यात शिपाई आले, बुणगे आले, यात्रेकरू आले, बायकापोरं आली. रोमन छावणीत मरणारा निदान दहावा म्हणून तरी मोजला जाई.

‘पानिपत’चंही तेच झालं. गावाचं नाव पराभवाचं सामान्यनाम बनलं. आता निवडणुकीत, क्रिकेटमध्ये कुणाचंही पानिपत होतं. वापराने शब्द झिजतात, त्याबद्दल भाषेवर रुसून काय उपयोग? मीही तसंच बोलते. पण ज्या पानावर ती माणसं खरोखर मरत आहेत, तिथे झिजलेला शब्द ठेववेना.

घरी येऊन ‘डेसिमेट’ खोडला. त्या जागी साधं वाक्य लिहिलं: जे गेले, त्यातल्या बहुतेकांची गणतीच झाली नाही.